फ्रान्सेझिन्या: पोर्टोतल्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

८ जानेवारी

आजपासून रीतसर नोंदी ठेवायच्या. काम असं आहे: पोर्तुगालमधल्या पोर्टो शहराचं फ्रान्सेझिन्या हे सँडविच घरी जमेल अशी कृती मराठीत लिहून काढायची, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये. इथे शिकायला येणारी मराठी मुलं आल्या आल्या हा पदार्थ बाहेर खातात आणि मग खोलीवर करून बघायचं मनावर घेतात. त्यांच्या हाती लागणाऱ्या कृतींत ‘थोडी बिअर’, ‘चवीपुरतं पिरी-पिरी’, ‘दाट होईपर्यंत’ अशीच मापं असतात. ज्यानं आयुष्यभर हा सॉस खाल्लाय त्याला ती कळतात. आपल्याला नाही कळत.

ज्यांनी फ्रान्सेझिन्या पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: पावाच्या दोन जाड कापांमध्ये बीफचा पातळ तुकडा, शिजवलेलं हॅम (इथे त्याला फियांब्र म्हणतात), लिंग्विसा नावाचं धुरी दिलेलं सॉसेज आणि एक ताजं सॉसेज. वर आणि चारी बाजूंना चीजच्या चकत्या. त्यावर बिअर, टोमॅटो आणि तिखटाचा उकळता सॉस. तो इतका ओतायचा की चीज वितळून खाली ओघळलं पाहिजे आणि ताटलीत सॉस साचून राहिला पाहिजे. बऱ्याचदा डोक्यावर तळलेलं अंडं, पिवळं वाहतं ठेवलेलं. सोबत बटाट्याच्या तळलेल्या फोडी. हातात धरून खायचा प्रश्नच नाही, काटा-सुरी लागते. एकानं एक खाल्ली की रात्रीचं जेवण झालं.

कामाचा नियम आजच ठरवला. मांस बदलायची मुभा, सॉस बदलायची नाही. आपल्यातले कितीतरी जण बीफ खात नाहीत, काही डुकराचं खात नाहीत, काही शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी आतलं सारण बदलता येईल. सॉस मात्र पोर्टोचाच राहिला पाहिजे.

११ जानेवारी

आज इतिहास. सर्वात जास्त मान्य असलेली हकीकत अशी: दानिएल दाव्हिद दा सिल्व्हा नावाचा माणूस फ्रान्स आणि बेल्जियममध्ये काम करून पोर्टोला आला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रुआ दो बॉन्झार्दिम या रस्त्यावरच्या ‘आ रेगालेइरा’ या उपाहारगृहात त्यानं हा पदार्थ केला. डोळ्यांपुढे होतं फ्रान्सचं क्रोक-मस्यू, म्हणजे हॅम आणि चीज घालून भाजलेलं सँडविच. त्यात त्यानं इथली सॉसेजेस घातली आणि वरून तिखट सॉस ओतला. फ्रेंच बायका पोर्तुगीज बायकांपेक्षा जहाल असतात असं त्याचं मत होतं, म्हणून त्यानं या जहाल सँडविचला ‘छोटी फ्रेंच बाई’ असं नाव दिलं, असं सांगतात.

दुसरी कथा याहून जुन्या काळातली आहे. नेपोलियनच्या फौजा १८०९ मध्ये मार्शल सूल्तच्या हाताखाली पोर्टोत शिरल्या. ते सैनिक पावात मांस आणि चीज भरून खात आणि पोर्टोकरांनी त्यात फक्त सॉसची भर घातली, असं ही कथा म्हणते. मला पहिली हकीकत पटते. तिच्यात माणूस आहे, रस्ता आहे, जागा आहे. शिवाय १८०९ ची आठवण पोर्टोत वेगळ्या कारणानं जिवंत आहे. त्या वर्षी २९ मार्चला फ्रेंच फौजेपुढून पळणाऱ्या लोकांच्या गर्दीनं दोउरो नदीवरचा होड्यांचा पूल खचला आणि असंख्य माणसं बुडाली. नदीकाठी रिबेइरा भागात त्यांच्या स्मारकापाशी लोक अजून मेणबत्त्या लावतात. त्याच सैनिकांच्या डब्यातून या शहरानं आपला लाडका पदार्थ उचलला असेल, हे मनाला पटत नाही.

दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे. पाव, मांस, चीज फ्रान्सकडून आलं असं दोन्ही म्हणतात, सॉस पोर्टोचा. म्हणजे परवाचा नियम योग्यच आहे.

‘आ रेगालेइरा’ २०१८ मध्ये बंद पडलं होतं. २०२१ मध्ये ते त्याच रस्त्यावर पुन्हा सुरू झालं. तिथे आत बीफऐवजी भाजलेल्या डुकराच्या मांसाचे काप घालतात.

१७ जानेवारी

खाऊन निरीक्षण. पासोस मानुएल रस्त्यावरचं ‘काफे सांतियागो’ १९५९ पासूनचं आहे. बाहेर रांग होती, पावसातही. छत्र्या मिटून लोक भिंतीला चिकटून उभे.

मी आज चवीपेक्षा रचनेकडे लक्ष दिलं. ताटली खोलगट आणि तापलेली. सॉस सँडविचच्या साधारण मध्यापर्यंत चढलेला. रंग विटेसारखा गडद नव्हे, नारिंगीकडे झुकणारा. चमचा बुडवून उलटा केला तर पाठीवर पातळ थर राहतो, पण बोट फिरवल्यावर रेघ लगेच मिटते. हे महत्त्वाचं: दाट ग्रेव्ही नाही, पाणीही नाही. पहिल्या घासाला टोमॅटोचा गोडवा, मग मांसाच्या रसाची खोली, बिअरचा किंचित कडूपणा, आणि तिखट सगळ्यात शेवटी घशाशी.

बटाट्याच्या फोडी सॉसमध्ये बुडवून खातात. वाढणाऱ्यांनी येऊन आणखी सॉस हवा का, असं विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सँडविच अर्धं ठेवून आधी सॉसच चमच्यानं संपवला आणि पुन्हा मागवला. मिसळीचा कट फसला तर वर कितीही फरसाण घाला, मिसळ फसलीच. फ्रान्सेझिन्याचा जीव तसाच या सॉसमध्ये आहे.

सोबत सगळे ‘फिनो’ घेतात, म्हणजे पिंपातल्या बिअरचा लहान ग्लास. लिस्बनमध्ये त्यालाच ‘इंपेरिआल’ म्हणतात आणि पोर्टोत तो शब्द वापरला की समोरचा हसून दुरुस्त करतो.

२४ जानेवारी

बोल्यांवचा बाजार. १९१४ ची इमारत, बरीच वर्षं दुरुस्तीत होती, २०२२ मध्ये पुन्हा उघडली. खाली मासळी, भाजी, सॉसेजवाले.

लिंग्विसा: बारीक, लालसर. डुकराचं मांस लसूण, लाल मिरचीची गोड पूड आणि वाईनमध्ये मुरवून धुरीवर वाळवलेलं. ताजं सॉसेज याच्या उलट, कच्चं आणि फिकट, आतपर्यंत शिजवावंच लागतं. दोन्ही उभी चिरून उघडायची आणि तव्यावर दाबून भाजायची. गोल राहिली तर थर सपाट बसत नाहीत आणि सुरी लावताच सँडविच घसरतं.

चीज ‘फ्लामेंगो’, पोर्तुगालमध्ये घरोघरी असतं ते पिवळं, सौम्य चीज, ईडामच्या जातीचं. जुनं मुरलेलं चीज इथे नको. ते तेल सोडतं आणि ताणत नाही.

पावासाठी बेकरीत न कापलेली लादी मागितली आणि दोन सेंटिमीटरचे काप करून घेतले. दुकानातल्या पिशवीत कापून येणाऱ्या स्लाइसचा या सॉसपुढे टिकाव लागत नाही.

२५ जानेवारी

मूळ सॉस. चौघांसाठी: लोणी ४० ग्रॅम, कांदा १५० ग्रॅम, लसणाच्या ४ पाकळ्या, तमालपत्राची २ पानं, टोमॅटोचा गर १५० ग्रॅम, मांसाचा स्टॉक (मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी) ५०० मिली, बिअर ३३० मिली, पोर्ट वाईन ६० मिली, ब्रँडी ३० मिली, सुकलेल्या पिरी-पिरी मिरच्या ३, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, थंड दूध १०० मिली.

कांदा मंद आचेवर, लाल न करता. कांदा लाल झाला तर सॉस तपकिरी आणि गोडसर होतो. मग लसूण, टोमॅटो, ब्रँडी, बिअर, स्टॉक, मिरच्या. झाकण न ठेवता अर्धा तास. तमालपत्र काढून मिक्सर, मग गाळणी. पुन्हा आचेवर ठेवून दुधात कालवलेलं कॉर्नफ्लोअर धार धरून घालायचं, सतत ढवळत. शेवटी पोर्ट. मीठ अगदी शेवटी आणि तेही चाखून. हॅम, दोन्ही सॉसेजेस, चीज, स्टॉक, सगळं आधीच खारट आहे.

दुधाबद्दल: टोमॅटो आणि बिअर आंबट असल्यानं नुसतं दूध फाटू शकतं. कॉर्नफ्लोअरमुळे ते सांभाळलं जातं. म्हणून दोन्ही एकत्र कालवूनच घालायचं.

चव बरी आली. पण सपाट आहे, खोली कमी पडते.

३१ जानेवारी

बिअरचा प्रयोग. तीन पातेली, बाकी सगळं समान. पहिल्यात साधी पोर्तुगीज लागर, म्हणजे फिकट, हलकी बिअर, सुरुवातीलाच. दुसऱ्यात तीच लागर, पण आधी वेगळी उकळून निम्मी केलेली. तिसऱ्यात काळी बिअर.

दुसरं आणि तिसरं दोन्ही बाद. बिअर आटवली की पाणी आणि मद्यार्क उडतात, हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा मात्र पातेल्यातच राहतो आणि एकवटतो. काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा) कडूपणा वेगळाच. म्हणून: हलकी, कमी कडू लागर, स्टॉकमध्ये मिसळून, अर्ध्या तासाहून जास्त उकळायची नाही. सॉस फारच पातळ वाटला तर कॉर्नफ्लोअर वाढवा, वेळ वाढवू नका. ही ओळ कृतीत ठळक लिहायची.

अर्ध्या तासात सगळं मद्य उडून जात नाही, थोडं उरतं. मद्य अजिबात न चालणाऱ्यांना हे स्पष्ट सांगायला हवं. बिनमद्याची बिअर घालून आणि पोर्ट-ब्रँडीच्या जागी थोडा लाल द्राक्षांचा रस घालून करता येईल. चव हलकी होईल, पण धाटणी तीच राहील.

१ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या आजींना पहिल्या पातेल्यातला सॉस नेऊन दिला. त्या जन्मानं पोर्टोच्या. उभ्या उभ्याच चमच्यानं चाखला, पुन्हा चाखला आणि म्हणाल्या, “मुली, चांगला आहे. पण यात समुद्र नाही.”

त्यांच्या घरी कोळंबी सोलली की डोकी आणि टरफलं फेकत नाहीत. लोण्यात ती लाल होईपर्यंत परततात, चमच्यानं चेचतात, मग त्यातच कांदा घालतात आणि पुढचा सॉस नेहमीसारखा. शेवटी सगळं गाळून घेतात. पोर्टोतली काही उपाहारगृहंही सॉसमध्ये शिंपल्या-कोळंबीचा रस घालतात हे वाचलं होतं, पण ते नव्या लोकांचं खूळ असावं असं मला वाटायचं. आजी सांगतात, त्यांच्या आईपासून असंच आहे.

आजच करून पाहिलं. १५० ग्रॅम टरफलं. हीच ती हरवलेली खोली! सॉसला कोळंबीचा वास येत नाही, फक्त चव तोंडात जास्त वेळ राहते. कोकणातल्या वाचकाला तर हे मुद्दाम सांगावंसं वाटतं: तुमच्याकडे जी टरफलं मांजरासमोर पडतात ती इथे सॉसचा कणा आहेत.

कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी टरफलांशिवायचा सॉस कृतीत पर्याय म्हणून राहील.

७ फेब्रुवारी

तिखट. पिरी-पिरी ही लहान, टोकदार, झणझणीत मिरची. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज जहाजांतून आफ्रिकेत गेली आणि त्याच वाटेनं सोळाव्या शतकात गोव्यात उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. एकाच प्रवासाचं एक टोक आपल्या ठेच्यात आणि दुसरं या सॉसमध्ये आहे, या विचारानं मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

प्रयोग: पिरी-पिरीऐवजी ब्याडगी. रंग देखणा, पण ब्याडगीत झणका कमी, तो शेवटी घशाशी येणारा जाळ हरवला. लवंगी मिरची जवळ आली. भारतात करणाऱ्यांनी लवंगी घ्यावी, बिया काढून, दोनच.

इथल्या मराठी मुलांपैकी एकानं विचारलं, थोडा गरम मसाला घातला तर? कोणी म्हणालं, मालवणी मसाला. माझं उत्तर पक्कं नाही असं आहे. या सॉसमध्ये मसाल्याचं काम तमालपत्र, धुरी दिलेलं सॉसेज आणि बिअर मिळून करतात. लवंग-दालचिनी आली की ती पुढे होतात आणि बिअर, स्टॉक दोन्ही मागे पडतात. मग चांगला कोंबडीचा रस्सा तयार होतो, पावावर ओतलेला. तो हवा असेल तर तो करावा, उत्तमच लागेल. फ्रान्सेझिन्या करायची असेल तर मसाल्याचा डबा बंद ठेवावा.

१४ फेब्रुवारी

रचना आणि ओव्हन. पाव आधी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. लोणी लावून भाजला की बाहेरून कुरकुरीत दिसतो, पण सॉस पडताच लवकर ढिला पडतो. कोरडा भाजलेला जास्त वेळ धरतो.

थर खालून वर: पाव, चीजची एक चकती, बीफ (१०० ग्रॅम, पातळ, मीठ-लसूण लावून भर आचेवर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट), लिंग्विसा, ताजं सॉसेज, हॅम, पाव. तळाची चीजची चकती मला आवश्यक वाटते. मांसाचा रस थेट पावात झिरपत नाही. वर चीजच्या चार चकत्या, मध्यभागी एकमेकींवर चढलेल्या आणि बाजूंनी खाली लोंबणाऱ्या. २२० अंशांच्या ओव्हनमध्ये चीज नुसतं मऊ होईपर्यंत, साधारण चार मिनिटं. बाहेर काढलं की लगेच सॉस.

सॉसचं तापमान आज मोजलं. ९० अंशांच्या वर असताना ओतला तर चीज बाजूंनी ओघळून पावाला चिकटतं आणि सगळं एकजीव होतं. ७० च्या आसपास असेल तर चीज वर जाड सालीसारखं राहतं आणि सुरीनं अख्खं उचललं जातं. म्हणजे सॉस शेवटच्या क्षणापर्यंत रटरटत ठेवायचा आणि ताटल्याही तापवून घ्यायच्या. घरच्या फ्रान्सेझिन्या बाहेरच्यासारख्या का लागत नाहीत याचं निम्मं उत्तर इथे आहे.

२१ फेब्रुवारी

बिनबीफची: कोंबडीचं छातीचं मांस आडवं कापून, थापून पातळ केलेलं. ठीक.

बिनडुकराची: टर्कीचं हॅम, कोंबडीचं सॉसेज. धुरीची चव जाते. चार जणांच्या सॉसमध्ये धुरी दिलेल्या मिरचीची गोड पूड ३ ग्रॅम घातली, ती परत आली.

शाकाहारी: मोठे मशरूम, जाड कापून, तेल न घालता तव्यावर पाणी पूर्ण उडेपर्यंत भाजायचे. हे टाळलं तर मशरूमचं पाणी आतून आणि सॉस बाहेरून, पावाचा लगदा. सोबत धुरी दिलेला टोफू. टरफलांशिवायच्या सॉसला भाज्यांचा स्टॉक, त्यात सुके मशरूम भिजवलेलं पाणी १०० मिली. पोर्टोत शाकाहारी फ्रान्सेझिन्या आता कित्येक ठिकाणी मिळते, त्यामुळे हे कोणाला परकं वाटणार नाही. अंडं न खाणाऱ्यांनी ते सोडून द्यावं, त्यानं काही बिघडत नाही.

२८ फेब्रुवारी

मडगावच्या ताईचा फोन. ही माझी आतेबहीण, तिला मी जानेवारीपासून या नोंदी वाचायला पाठवतेय. तिचा प्रश्न: “अगं, इथे लिंग्विसा कुठून आणू? चोरिस घातलं तर?”

चोरिस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. त्याचं कूळ पोर्तुगीजच, पण चव दुसऱ्या वाटेनं गेलेली. त्यात व्हिनेगर आणि आपल्या मिरच्या भरपूर, म्हणून ते आंबट आणि जहाल. लिंग्विसा धुरकट आणि सौम्य. मी तिला सुचवलं: आवरण काढून, चोरिस स्वतःच्याच चरबीत नीट शिजवून, चरबी निथळून, एका सँडविचला ३० ग्रॅमच घाल. सॉसमध्ये मिरची एकच. टोमॅटो १५० ऐवजी १०० ग्रॅम, कारण आंबटपणा आतून येणारच.

संध्याकाळी तिचा निरोप आला. घरात सगळ्यांना आवडलं, पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) जाड लादीनं सॉस छान धरला. भावोजींनी मात्र दुसऱ्या सँडविचमध्ये चोरिस दुप्पट घातलं आणि मग सॉस ओळखूच येईना. हे मी कृतीत तिच्या शब्दांत घेणार आहे: “चोरिस कमी, नाहीतर तेच सगळं बोलतं.”

७ मार्च

आज मुलं जेवायला. आठ ताटं. आदल्या रात्री दुप्पट सॉस करून ठेवला होता, फक्त कॉर्नफ्लोअर आणि पोर्ट आज घातलं. एकदा दाट केलेला सॉस पुन्हा पुन्हा उकळला की आंबटपणामुळे कॉर्नफ्लोअरची पकड सुटते आणि तो पातळ होतो, म्हणून ही विभागणी.

क्रम असा ठरला: बटाटे आधी एकदा मंद तेलात तळून बाजूला. सॉसेजेस आणि मशरूम भाजून घ्यायचे. पाव भाजायचा. बीफ सगळ्यात शेवटी. चार सँडविच ओव्हनमध्ये जातात तेव्हा बटाटे दुसऱ्यांदा कडक तेलात आणि अंडी तव्यात. ओव्हन उघडायच्या आधी सॉसला खळखळून उकळी. माणशी २०० मिली ताटलीत, उरलेला मोठ्या भांड्यात टेबलावर.

भांडं दोनदा भरावं लागलं. नागपूरकर मुलानं तिखट कमी आहे म्हणून सुरुवात केली आणि अर्ध्यावर येईपर्यंत नाक पुसत होता. आजीही आल्या होत्या. शाकाहारी ताटातला सॉस त्यांनी मुद्दाम मागून चाखला. म्हणाल्या, मशरूमचं पाणी चांगलं सुचलं, पण पोर्ट थोडी आणखी हवी. मशरूमच्या सॉसला पोर्ट ८० मिली असं कृतीत बदललं.

१४ मार्च

कृती पूर्ण. मूळ, बिनबीफ, बिनडुकराची, शाकाहारी आणि गोव्यातली, पाच पानं. सॉस एकच, प्रत्येक पानावर त्यातले बदल वेगळ्या चौकटीत.

साठवणीची ओळ राहिली होती ती आज घातली: कॉर्नफ्लोअर न घातलेला सॉस फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर.

आता पोव्हुआ द वार्झिम. पोर्टोच्या उत्तरेला समुद्रकाठचं हे गाव फ्रान्सेझिन्या लांबट पावात करतं, हातात धरून खायची, सॉस आत आणि वर पुसटसा. १९६० च्या दशकापासून तिथे अशीच आहे. ताटलीत साचायचं नसेल तर सॉस किती दाट लागतो ते तिथे जाऊन बघायचं. माझा अंदाज, याच मापाला कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम आणि दुधाच्या जागी लोणी.